पहाटेची मोटारसायकल आणि बधिर बोटे

थंडी पडू लागली की माझ्या दवाखान्यात सकाळच्या पहिल्या तासात येणाऱ्या पेशंटांत एक निराळा प्रकार दिसू लागतो. सर्दी-खोकलेवाले असतातच, पण त्यांच्या जोडीला हात पुढे करून बसलेली माणसे असतात. कोणाची बोटे ठणकतात, कोणाची सुजून लाल झालेली असतात, कोणाला मुंग्या येतात. विचारपूस केली की बहुतेकांच्या मागे एकच गोष्ट निघते, ती म्हणजे पहाटेची मोटारसायकल.

गेल्या आठवड्यात असेच एक निवृत्तीला आलेले गुरुजी आले. त्यांच्या परवानगीनेच, नाव-गाव न देता, लिहितो आहे. शाळा खेड्यावर, घर वैजापुरात. शनिवारची सकाळची शाळा असल्यामुळे अंधारातच निघाले होते. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना टपोरे फोड आणि त्यांवर टूथपेस्ट फासलेली.

मी विचारले, "गुरुजी, भाजले कशाने?"

"भाजले कुठे डॉक्टर, थंडीने आले असतील."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. वाटेत हात इतके गारठले की त्यांनी गाडी थांबवली आणि सगळेच करतात तसे इंजिनाजवळ हात धरले. बोटे इंजिनाला कधी टेकली ते त्यांना कळलेच नाही. गुरुजींना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. पायांची बधिरता त्यांना ठाऊक होती, हातांपर्यंत ती पोचली आहे हे ठाऊक नव्हते. त्यात थंडीने उरलीसुरली संवेदना गेली. साठ अंशांच्या पाण्यात माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, आणि चालत्या गाडीचे इंजिन व सायलेन्सर त्याहून कितीतरी तापलेले असतात. धडधाकट माणूस चटका बसताच हात मागे घेतो. गुरुजींनी घेतला नाही, कारण चटका बसला हे सांगणारी तारच तुटलेली होती.

दुसरा एक तरुण दूधवाला. दोन्ही बाजूंना कॅन लावून शिऊरच्या रस्त्याने रोज पहाटे येणारा. एका वळणावर पुढे उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. तो म्हणाला, "काय सांगू साहेब, ट्रॉली दिसली व्हती मला. पर ब्रेक दाबायला बोटंच वळंनात." सुदैवाने गाडी खाली उतरवता आली. दूध सांडले, गुडघा फुटला, त्यावर निभावले. गाडी तासाला ५० किलोमीटरने धावत असेल तर ती एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. बोटे वळायला अर्धा सेकंद जास्त लागला तरी सात मीटर गेले. सात मीटर म्हणजे ट्रॉलीच्या मागे थांबणे आणि ट्रॉलीखाली जाणे यातले अंतर. म्हणून हा विषय निव्वळ सुख-सोयीचा नाही, आणि म्हणूनच या आठवड्याची जागा त्याला दिली आहे.

आपल्याकडे पौषात पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, काही वर्षी त्याच्याही खाली जातो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाडला तर २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो दोन अंशांच्याही खाली गेला होता आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागल्या होत्या. पण दहा अंशांत अंगणात उभे राहिलो तर हात असे बधिर होत नाहीत. मग गाडीवरच का होतात?

याचे उत्तर वाऱ्यात आहे. आपल्या कातडीला चिकटून कोमट हवेचा एक पातळ थर असतो. ती आपली न दिसणारी गोधडीच म्हणा. उभे असताना हा थर जागेवर राहतो. गाडी धावू लागली की समोरून येणारा वारा तो सतत ओरबाडून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवा थर तापवावा लागतो. गरम चहावर फुंकर मारली की तो लवकर निवतो, तोच हा प्रकार. सायपल आणि पॅसेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी दक्षिण ध्रुवाजवळच्या अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून, ते किती वाऱ्यात किती वेळाने गोठते हे मोजले आणि १९४५ मध्ये त्याचा हिशेब मांडला. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने तो सुधारून घेतला. त्या हिशेबाने दहा अंशांच्या हवेत ५० च्या वेगाने जाणाऱ्या माणसाच्या उघड्या कातडीला साडेपाच अंशांची थंडी वाजते. हवा पाच अंशांची असेल तर हीच थंडी शून्याच्याही खाली, उणे एक-सव्वा अंशाची. हा हिशेब चेहऱ्याच्या कातडीवरून बसवलेला आहे, हाताला तो तंतोतंत लागू होईल असे नाही, पण अंदाज यावा एवढा उपयोग होतो. हात ओला असेल तर पाणी उडून जाताना आणखी उष्णता नेते. रात्रीच्या विजेवर पाणी भरून चारच्या सुमारास ओल्या हातांनी घरी निघणाऱ्या शेतकऱ्याचे हात सर्वांत आधी गारठतात ते त्यामुळेच.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. वाऱ्याने हात लवकर थंड होतो, पण हवेपेक्षा जास्त थंड होत नाही. म्हणून आठ-दहा अंशांत बोटे "गोठून झडतात" ही भीती खोटी आहे. मांस गोठायला हवा शून्याखाली लागते. ती भीती लेह-लडाखला बुलेटवर जाणाऱ्या आपल्या पोरांनी बाळगावी. आपल्याकडे होते ते वेगळे. वारंवार गारठून मग एकदम शेकल्यावर काहींच्या बोटांवर लालसर-जांभळे, खाजणारे, ठणकणारे फुगवटे येतात. इंग्रजीत त्यांना चिलब्लेन म्हणतात. ते नायटा नव्हेत आणि त्यांना नायट्याचे मलम लावून काही होत नाही. हात कोरडे आणि उबदार ठेवले तर दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातात.

आता शरीर काय करते ते पाहू. आपल्या शरीराचा कारभार काटकसरी घरासारखा आहे. टंचाई आली की आधी देवघर आणि स्वयंपाकघर सांभाळायचे, ओसरीचा दिवा मालवायचा. हृदय, मेंदू, यकृत ही आतली घरे आणि हात-पायांची बोटे ही ओसरी. अंग गार पडू लागले की मेंदूच्या हुकमाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त आत राखले जाते. यातून निघणारी गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही: हात गरम ठेवायचे असतील तर आधी छाती गरम ठेवा. छाती उघडी आणि हातात भारी मोजे, असे असले तर मोजे बिचारे काय करणार? मोजा उष्णता तयार करत नाही, आलेली राखतो. रक्तच आले नाही तर राखायचे काय?

दुसरी गोष्ट म्हणजे बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. बोटे वळवणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात आहेत आणि तिथून दोरीसारखे कंडरे बोटांपर्यंत जातात. कठपुतळीचे दोरे ओढावेत तसा प्रकार. म्हणून पुढचा हात आणि मनगट गारठले की क्लच-ब्रेक जड लागतात. शिवाय मनगटाशी रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, आपण नाडी पाहतो ती तिथेच. स्वेटरची बाही आणि मोजा यांच्यामध्ये चार बोटे मनगट उघडे राहिले तर बोटांकडे जाणारे रक्त वाटेतच गार होते. मी बहुतेकांची हीच चूक पाहतो.

माझीही हीच होती. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात, पंचवीसेक वर्षांपूर्वी, एका पहाटे खेड्यावरून बोलावणे आले. म्हातारीला दम लागला होता. मी लोकरी मोजे चढवून निघालो आणि मोठ्या तोऱ्यात अर्ध्या तासात पोचलो. पोचलो खरा, पण अॅम्प्युल फोडता येईना आणि सिरिंज धरता येईना. म्हातारी समोर धापा टाकते आहे आणि डॉक्टर काखेत हात घालून उभा! घरच्यांनी काय विचार केला असेल तो असो. पाचेक मिनिटांनी बोटे कामाला लागली आणि इंजेक्शन दिले. त्या दिवशी कळले की लोकरी मोजा घरात बसायला चांगला, गाडीवर तो चाळणीच. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो.

मग करावे काय? दोन थर. आत सुती किंवा लोकरी पातळ मोजा आणि त्यावर वारा अडवणारा चामड्याचा, रेक्झिनचा किंवा तसल्या कापडाचा मोजा. बाहेरचा मोजा एक माप मोठा घ्या. घट्ट मोजा बोटांतले रक्त पिळून बाहेर काढतो आणि मधली हवाही राहू देत नाही, आणि ऊब राखते ती ही अडकलेली हवाच. मोजा चढवून मूठ वळवून पाहा. शिवण बोटांच्या सांध्यांत रुतत असेल तर तो मोजा दुकानदारालाच परत द्या. बाहेरचा मोजा मनगटाच्या वर चार बोटे आला पाहिजे, आणि बाही मोज्याच्या आत गेली पाहिजे, नाहीतर वारा बाहीतून थेट काखेपर्यंत जातो. महागडे मोजे घ्यायची ऐपत नसेल तर जुन्या पायमोज्याचा वरचा, घोट्याच्या वरचा भाग कापून मनगटावर चढवा. फुकटातला हा मनगटपट्टा मी कित्येक दूधवाल्यांना आणि पेपर टाकणाऱ्या मुलांना सांगितला आहे. चांगला उपयोग होतो.

प्लास्टिकच्या पिशवीबद्दल नेहमी विचारतात. पिशवी वारा अडवते यात शंका नाही, पण घामही कोंडते आणि ओला हात पुन्हा गार पडतो. नडीला, अर्ध्या तासाच्या वाटेपुरती, आतल्या आणि बाहेरच्या मोज्याच्या मध्ये घातली तर चालेल. सर्वांत वर मात्र कधीच नको. ॲक्सिलरेटरवर ती घसरते आणि पोटरीला घासून फाटलेली चिंधी चाकाकडे उडते. तेल लावून निघण्याची काहींना सवय आहे. खोबरेलाने कातडी फुटत नाही हे खरे, रात्री झोपताना जरूर लावा. पण तेलाने ऊब येत नाही, आणि तेलकट मूठ गाडीवर धोक्याची. बामने गरम वाटते ते नुसते वाटणेच असते. कातडीतल्या मज्जातंतूंना तो फसवतो, बोट होते तेवढेच गार राहते.

वारा हातापर्यंत पोचूच दिला नाही तर निम्मे काम होते. हँडलच्या दोन्ही मुठींवर बसणारी रेक्झिनची, आतून मऊ कापड लावलेली खोळ मिळते. उत्तरेकडे थंडीत ती सर्रास दिसते, आपल्याकडे कमी. नाहीतर मुठीपुढे प्लास्टिकची आडवी ढाल बसवून घेता येते. आमच्याकडच्या एका मेकॅनिकने तेलाचा पाच लिटरचा कॅन कापून अशी ढाल केलेली मी पाहिली आहे, दिसायला ओबडधोबड पण कामाची. मात्र हे काहीही बसवले की गाडी स्टँडवर लावून पाहा: क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबले जातात का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते का, हात झटक्यात बाहेर येतो का. खोळीत हात अडकून पडलेला माणूस उघड्या हाताने पडलेल्यापेक्षा जास्त मोडतो. परदेशात मुठीच विजेवर तापतात. आपल्याकडेही काही महागड्या गाड्यांना तशी सोय असते, पण वाळूजच्या सकाळच्या पाळीला जाणाऱ्या आपल्या कामगाराच्या शंभर सीसी गाडीचा तो विषय नाही.

वेग कमी करा असे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही. तरी सांगतो. वाटेत वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटे थांबा. मूठ गच्च आवळून धरू नका, आवळलेल्या मुठीत रक्त फिरत नाही. थांबल्यावर हात काखेत घाला किंवा दोन्ही हात खांद्यापासून मोठे गोल फिरवा, गोफण फिरवतात तसे. जोराने फिरवल्याने रक्त बोटांच्या टोकांकडे ढकलले जाते. लोक हसतील, हसू द्या. बोटांत जीव येताना मुंग्या येतात आणि ठणका लागतो, दहा-पंधरा मिनिटे. त्याला घाबरू नका.

इंजिनाला, सायलेन्सरला हात लावू नका, मधुमेह असो वा नसो. शेकोटीवर हात धरायचे तर हातभर अंतरावरून, आणि टायर-प्लास्टिक जळत असेल तर तिथे उभेच राहू नका. घरी कोमट पाण्यात हात घालायचे तर पाणी कोपराने पाहा किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगा, बधिर बोटांना ते कळणार नाही. आणि भाजलेच तर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे. टूथपेस्ट, शाई, हळद नको. गुरुजींच्या फोडांवरून ती टूथपेस्ट काढताना त्यांना आणि मला, दोघांनाही त्रास झाला.

टपरीवर थांबून चहा घ्या, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती चहाबरोबरच्या बिडीला. निकोटीन बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसवते. म्हणजे थंडीने अर्धा बंद केलेला नळ बिडीने पुरता बंद होतो. तंबाखू मळून खाल्ली तरी तेच. गुटख्याचेही तेच. राज्यात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुड्या कुठे मिळतात ते मला विचारू नका. तरुण वयात रोज बंडल-बंडल बिड्या ओढणाऱ्यांना बर्गरचा आजार म्हणून एक वाईट दुखणे होते. हाता-पायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पडत जातात, बोटांच्या टोकांना न भरणाऱ्या जखमा होतात आणि शेवटी बोटे, कधी पाय कापावा लागतो. मी घाटीत शिकत असताना वॉर्डात असे तिशी-पस्तिशीतले रुग्ण पाहिले आहेत. त्यावर पहिले आणि खरे औषध एकच, तंबाखू कायमची बंद. दारूने ऊब येते म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आतली उष्णता बाहेर पळते आणि अंग आणखी गार पडते. गाडीवर बसायचे की नाही हा प्रश्न तर त्याच्या आधीच संपतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. सगळी बधिरता थंडीची नसते, आणि थंडीचे निमित्त झाले की खरे दुखणे मागे राहते.

थंडीत बोटे आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील, त्यांची सीमारेषा आखल्यासारखी दिसत असेल, तर त्याला रेनॉचा विकार म्हणतात. फ्रान्सच्या मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. तरुण बायकांत तो जास्त दिसतो, भांडी घासतानाही होतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. पण तो चाळिशीनंतर नव्याने सुरू झाला, एकाच हाताला होऊ लागला, किंवा टोकांना जखमा होऊ लागल्या तर तपासणी हवी. रक्तदाबाची किंवा अर्धशिशीची काही औषधेही हात गार पाडतात. प्रोप्रॅनोलॉल, अॅटेनोलॉल ही त्यांतली नेहमीची, आणि अर्धशिशीसाठीचे अर्गोटामिन त्याहून जास्त. तुमच्या चिठ्ठीत ती असतील तर डॉक्टरांना विचारा, पण मनाने बंद करू नका. प्रोप्रॅनोलॉल, अॅटेनोलॉल एकदम सोडणे हृदयाला महागात पडते. रक्त कमी असलेल्या बायकांचे आणि थायरॉइड मंदावलेल्यांचे हातही बारमाही गार असतात.

रात्री झोपेत अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटात मज्जातंतू दबला आहे असे समजा. करंगळी बधिर असेल तर तंतू कोपराशी किंवा तळहातात दबलेला असू शकतो. पण करंगळीची बधिरता दिवस चढल्यावर, ऊन लागल्यावरही जात नसेल, कोपराच्या आतल्या बाजूला दोरीसारखी जाड शीर लागत असेल, अंगावर कुठे फिकट, न दुखणारा-न खाजणारा चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. नाव ऐकून दचकू नका. देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, म्हणून तो संपला असे नाही. आपल्या राज्यात अजून दरवर्षी नवे रुग्ण सापडतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो. उशीर केला तर रोग बरा होतो, पण वाकडी झालेली बोटे सरळ होत नाहीत.

आणि एक. पहाटेच्या थंडीत हृदयविकाराचे झटके जास्त येतात. आकसलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलताना हृदयावर ताण पडतो. गाडीवर असताना फक्त डावा हात जड पडला, बधिर झाला, छातीवर दाब आला, घाम सुटला, जीव घाबरा झाला, तर "थंडीने असेल" म्हणून पुढे जाऊ नका. थंडीत घाम कसा सुटेल, एवढाच विचार करा. गाडी कडेला लावा, स्वतः चालवू नका, कोणालातरी थांबवा किंवा १०८ ला फोन करा.

लहान मुलांना टाकीवर पुढे बसवण्याची आपली पद्धत मला कधीच पटली नाही. थंडीत तर पुढे बसलेले पोर म्हणजे बापाचे वाऱ्याचे कवच. हँडलचा गार लोखंडी दांडा धरून ते मुकाट बसते, कारण त्याला बोलायला तोंड उघडवत नाही. त्याला आई-बापांच्या मध्ये बसवा, हातांत पायमोजे चढवले तरी चालतील, हेल्मेट घाला.

गुरुजींची बोटे आता भरत आली आहेत. त्यांनी मला उलट विचारले की छाती झाकायला दोन स्वेटरांवर आणखी काय घालू? त्यांना जुना उपाय सांगितला, राजदूत आणि एम-८० च्या जमान्यातला. वर्तमानपत्राची चार पाने दुमडून स्वेटरच्या आत छातीवर घालायची. कागद वारा अडवतो आणि घड्यांत हवा धरून ठेवतो. फक्त शर्टावर घाला, बनियनवर नको, घामाने शाई उतरते. आणि पेपर कालचा घ्या, आजचा घरच्यांना वाचायला ठेवा.